सोळा भाज्या

भाद्रपदात वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठेच्या दिवशी नैवेद्याला पुरण, ज्वारीची आंबील, कढी आणि सोळा भाज्या एकत्र शिजवलेली एक भाजी. गेल्या भाद्रपदात त्या सोळाच्या सोळा भाज्या एका पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून घरात आल्या. बाजारात त्या आठवड्यात वाटे करूनच ठेवलेले असतात. दोन भेंड्या, एक ढेमसं, चार गवारीच्या शेंगा, बोटभर दोडका, कोहळ्याची एक फोड, धोप्याचं, म्हणजे अळूचं, एक पान. मी पिशवी सासूबाईंपुढे सुपात ओतली. त्यांनी एकेक उचलून मोजली. सोळा भरल्या, पण त्या सूप तसंच समोर ठेवून बसून राहिल्या.

"भरल्या," त्या म्हणाल्या. "पण यातली आपल्या गावची एकबी नाई वं."

मग पुरण शिजेपर्यंत त्यांनी मला त्यांच्या सोळा भाज्या सांगितल्या. त्या लग्न होऊन या घरात आल्या १९७४ साली. दोडका आणि वाल घरच्याच छपरावरचे, कवेलूंवर चढवलेल्या वेलांचे. कोहळं समोरच्या मामींच्या कुडावरचं. ते कापलं की अख्ख्या ओळीत फोडी जायच्या, कारण एवढं मोठं कोहळं एका घरानं खाऊन संपत नसे. धोपा न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला. तो ज्याला लागेल त्यानं तोडावा, विचारायची रीत नव्हती. भेंडी, गवार, बरबटी, अंबाडी वावरातली, ज्वारीच्या ओळींमधली. काकडी आणि काटवल धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची. वांगी, मुळा, मेथी विहिरीवर बागायत करणाऱ्या एका काकांकडून, बदल्यात ज्वारी देऊन.

"आणि विकत काय आणायचं?"

"पानसुपारी," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून ती यादी माझ्या डोक्यातून गेलेली नाही. गावातल्या प्रौढ माणसाच्या ताटात भाजी आणि फळ किती येतं, हे त्याच्या शहाणपणावर आणि जिभेवर ठरतं असं आपण धरून चालतो. सासूबाईंच्या यादीत शहाणपण कुठंच नव्हतं. त्यात छप्पर होतं, कूड होता, धुरा होता, सांडपाणी होतं आणि समोरच्या मामी होत्या.

आता माझी गोष्ट सांगते. त्या महालक्ष्म्यांच्या आधीच्या आषाढात माझे रक्ताचे रिपोर्ट आले. वय त्रेचाळीस, हिमोग्लोबिन नऊच्या आसपास, साखर काठावर. डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, पालेभाज्या वाढवा, रोज एखादं फळ खा. मी प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीच्या मुलांना चौरस आहाराचा धडा मी गेली अठरा वर्षं शिकवते आहे. जीवनसत्त्वं, लोह, तंतुमय पदार्थ सगळं तोंडपाठ. माहिती नाही म्हणून खेड्यातले लोक भाजी खात नाहीत, हे ज्यांना वाटतं त्यांनी माझा रिपोर्ट पाहावा. आणि यात मी एकटी नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं आहे.

मी मुळापासून हिशेब करायला बसले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराच्या ज्या सूचना काढल्या, त्यात एका मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. जागतिक आरोग्य संघटना दोन्ही मिळून किमान ४०० ग्रॅम म्हणते, आणि त्यात आलू धरायचा नाही असंही बजावते. आमच्या घरात मोठी माणसं पाच: सासू-सासरे, आम्ही दोघं आणि धाकटे दीर. पाच जणांना अर्धा-अर्धा किलो म्हणजे दिवसाला अडीच किलो. आमचा बाजार आठवड्यातून एकदा, गुरुवारी भरतो, सात किलोमीटरवरच्या मोठ्या गावात. म्हणजे एका बाजाराला साडेसतरा किलो भाजीफळं आणायला हवीत.

साडेसतरा किलो! आमच्या पिशवीत सहा-सात किलो येतं, आणि त्यात निम्मे आलू-कांदे.

त्या श्रावणापासून मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकटीत रोजची भाजी लिहायला लागले. बारीक पेन्सिलीनं, एका शब्दात. महिनाभरातच एक गोष्ट दिसायला लागली, जी इतकी वर्षं रोज खाऊनही मला दिसली नव्हती. आमचं जेवण आठवडाभर उतारावरून घरंगळत जातं. गुरुवारी रात्री मेथी किंवा पालक. शुक्रवारी चवळाई, नाहीतर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून भरलेली वांगी. शनिवारी भेंडी, गवार. रविवारी पत्ताकोबी. सोमवारी आलू-वांगं, त्यात वांगं नावाला. मंगळवारी नुसता आलू. बुधवारी वरण, झुणका, ठेचा. श्रावण ते कार्तिक तेरा बुधवार मी लिहिले. तेराही बुधवारी भाजीची चौकट रिकामी आहे.

हे तर पावसाळ्या-हिवाळ्यातलं. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा गुरुवारची मेथी गुरुवारी रात्रीच काळी पडते. लहानसा फ्रीज आहे आमच्याकडे, पण दुपारी लाइट गेली की तोही कपाटच. ज्या घरात तोही नाही, तिथली बाई पालेभाजीच्या जुडीसमोर उभी राहून काय विचार करत असेल? वाया जाणारी वस्तू गरीब माणूस विकत घेत नाही. आलू टिकतो, डाळ टिकते, बेसन टिकतं. ती ते घेते. तिच्या जागी कोणीही तेच घेईल.

गुरुवारचं आणखी एक आहे. मजुरीचा चुकारा आमच्याकडे बाजाराच्या दिवशी होतो. म्हणजे ज्या दिवशी भाजी दिसते त्याच दिवशी हातात पैसा, आणि ज्या दिवशी पैसा त्याच दिवशी तेल, साखर, चहापत्ती, मुलाची वही, मागची उधारी, दवाखाना. भाजीचा नंबर त्या रांगेत शेवटी लागतो. किराणावाला आठवडाभर उधार देतो, वहीत लिहून ठेवतो. भाजीवाला देत नाही. त्याचाही दोष नाही. तो दुसऱ्या गावचा, त्याचा माल उद्या मरणारा, त्यानं कोणाच्या भरवशावर द्यावं? पण परिणाम असा की बुधवारी घरात पैसा नसला तरी बिस्किटाचा पुडा येऊ शकतो, पालकाची जुडी येऊ शकत नाही.

मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅरेट बांधून एक मुलगा गावात येतो. स्पीकरवर त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज वाजत असतो: भेंडी घ्या, टमाटर घ्या, फुलकोबी घ्या. तो येतो सकाळी दहाला. मी शाळेत असताना त्याचा आवाज मला कधीकधी रस्त्यावरून ऐकू येतो, तो पुढच्या गावी जाताना. सकाळी दहाला आमच्या गावात असतं कोण? म्हातारी माणसं आणि कुत्री. ज्या बायका भाजी विकत घेऊन रांधतात, त्या आठलाच वावरात गेलेल्या असतात. नकाशावर कोणी टिंब मांडलं तर आमच्या गावात रोज भाजी पोचते असंच दिसेल, आणि ते खोटंही नसेल. वेळेचं अंतर मोजायचं राहून गेलं, एवढंच.

आमच्या गावात दोनशे उंबरठे आहेत. किराण्याची दुकानं चार. पानठेले पाच. भाजीचं दुकान एकही नाही. किराण्याच्या दारात पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लोंबतात, तोरण बांधल्यासारख्या. लहान मुलं ते खातात म्हणून आपण हळहळतो, पण मी नीट पाहिलं, सोयाबीन सोंगायला गेलेल्या बायका दुपारी चारच्या चहासोबत तेच पाकीट फोडतात. दुसरं काय फोडणार? २०२२-२३ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशभरातल्या ग्रामीण कुटुंबांचा खर्च मोजला आहे. शंभर रुपयांतले साधारण ५ रुपये ३८ पैसे भाजीवर, ३ रुपये ७१ पैसे फळांवर, तेही सुकामेवा धरून. आणि पेयं, तयार खाणं, पाकीटबंद वस्तू यांवर ९ रुपये ६२ पैसे. भाजी आणि फळं दोन्ही मिळूनसुद्धा त्या पाकिटांच्या माळेला गाठत नाहीत. हा आकडा वाचला तेव्हा मला आमच्या गावातली चार दुकानं दिसली.

पानठेल्याबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. विदर्भात खर्रा काय आहे ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिलेला. सकाळी उठल्यावर पहिला, जेवल्यावर दुसरा, मग मोजदाद नाही. माझ्या दिरांचं वय छत्तीस आहे आणि त्यांचं तोंड आता दोन बोटं उघडतं. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते, तिखट लागलं की आग होते. त्यांना डॉक्टरांनी सांगितलं, फळं खा, हिरव्या भाज्या खा. जाम, म्हणजे पेरू, चावायला तोंड उघडावं लागतं. ज्वारीची भाकर मोडून दुधात भिजवून त्यांना वाढते मी, आणि वरणाचं पाणी. परवा संत्र्याच्या फोडी सोलून, बिया काढून, हातानं बारीक करून वाटीत दिल्या. त्यांनी खाल्ल्या आणि वाटी स्वतः धुऊन ठेवली. ते असं कधी करत नाहीत.

माणसाच्या भोवती काय विकायला ठेवलं आहे याची चर्चा भाजी कुठं मिळते यापाशीच थांबते. काय मिळू नये, याचीही कोणीतरी चर्चा करायला हवी. पाच पानठेले पहाटे सहाला उघडतात. भाजीला आम्ही गुरुवारची वाट पाहतो.

पण मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते दुकानांबद्दल नाही. आमच्या गावाची भाजी दुकानातून कधीच येत नव्हती. ती निंदणातून येत होती.

पावसाळ्यात निंदायला गेलेली बाई दोन कामं करून घरी यायची. दिवसाची मजुरी आणि संध्याकाळची भाजी. पोटाशी लुगड्याचा ओटा बांधलेला असायचा, कापूस वेचताना बांधतात तसाच. तण उपटता उपटता हात आपोआप निवड करायचे. हे धुऱ्यावर फेकायचं, हे ओट्यात टाकायचं. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत कोवळा तरोटा, म्हणजे टाकळा, यायचा, कांदा आणि भिजलेली चण्याची डाळ घालून परतायचा. मग कुंजरा, त्याची तुरीच्या वरणातली पातळ भाजी. घोळ आंबूस, तिला बेसन लावायचं. केना, चवळाई, आघाड्याची कोवळी पानं. आषाढी एकादशीचा उपास सोडायला द्वादशीला वाघाट्याची भाजी. ती तर झुडपातून शोधून आणायची. हिवाळ्यात हरभऱ्याचे शेंडे खुडायचे. खुडल्यानं झाडाला फुटवे जास्त येतात, म्हणून मालकही नाही म्हणत नसे. ते शेंडे कच्चेच, कांदा-तिखट-तेल घालून घोळाणा करून भाकरीसोबत. विहिरीच्या पाटाजवळ चिवळ. आणि यातलं काहीही विकत नव्हतं, काहीही कोणाच्या मालकीचं नव्हतं.

माझ्या सासूबाई निंदायला जात. मी गेले नाही. मी शिकले, नोकरी लागली. पण मी या घरात आले तेव्हा, २००४ साली, समोरच्या मामी येताना ओट्यातून मूठभर तरोटा आमच्या ओसरीवर ठेवून पुढं जायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता निंदण उरलं नाही. ज्वारी गेली, कारण पाखरं खातात आणि भाव मिळत नाही. तिच्या जागी नव्वदच्या दशकापासून सोयाबीन आलं. ज्वारीच्या धांड्यावर बरबटीचा वेल चढायचा, काकडी तिच्या सावलीत वाढायची. सोयाबीनच्या गुडघाभर झाडावर कोण चढणार? आणि सोयाबीनसोबत तणनाशक आलं. पेरल्यावर वीस दिवसांनी एक फवारणी मारली की आठ-दहा दिवसांत रुंद पानांचं तण सगळं पिवळं पडून बसतं. तरोटा, कुंजरा, घोळ, केना, चवळाई, एकूण एक. तणनाशकाच्या डब्यावर ज्यांची नावं तण म्हणून छापलेली असतात, त्यांतली काही वाचून मी हादरले. ती आमच्या भाज्यांची नावं होती.

माझे यजमानही फवारतात. मी त्यांना दोष देत नाही. निंदायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर एकरी मजुरी परवडत नाही, आणि पावसानं आठ दिवस उघडीप दिली नाही तर तण पिकाच्या डोक्यावरून जातं. एका पंपात जे काम होतं त्याला दहा बाया लागायच्या. पण त्या दहा बायांची मजुरी गेली आणि दहा घरांची संध्याकाळची भाजीही गेली, हे आमच्या हिशेबात कधी आलं नाही, कारण त्या भाजीला कधी किंमतच लावली नव्हती. जे तण वाचतं ते उपटून खायची आता भीती वाटते. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. तेव्हापासून आमच्या गावातल्या बायका धुऱ्यावरचं पानसुद्धा पदराला पुसून, वास घेऊन, मग ठेवून देतात.

वर्धा जिल्ह्यात राहून एक गोष्ट विसरता येत नाही. १९३५ साली गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते तेव्हा त्यांनी ‘हरिजन’मध्ये हिरव्या पानांच्या पोषणमूल्यावर लिहिलं, आणि पानं कच्ची खाण्याचे प्रयोग आधी स्वतःच्या जेवणावर केले. माझी शाळा तिथून फार लांब नाही. मुलांना सहलीला मगनवाडीत घेऊन गेले होते तेव्हा मनात येत राहिलं की यांच्यातल्या किती जणांनी घोळ ओळखला असता. परत येताना बसमध्ये विचारलं. बावीस मुलांपैकी तिघांनी हात वर केले.

परसबाग लावा म्हणतात. बचत गटाच्या मोहिमेतून बियांची पाकिटं मिळाली, सगळ्याजणींनी आणली. मीही सांदवाडीत वाफे केले: पालक, भेंडी, टमाटर. सांदवाडी आता पूर्वीएवढी राहिलेली नाही. तिथं संडास झाला, शोषखड्डा झाला, आणि ते व्हायलाच हवं होतं. घरावर स्लॅब आली. कवेलू गेले तसा दोडक्याच्या वेलाचा मांडवही गेला. उरलेल्या बारा फूट जागेत भेंडीला चांगली फुलं आली. मग एका सकाळी माकडं आली. पंधरा-वीस होती. पाच मिनिटांत त्यांनी भेंडी खाल्ली, टमाटरं चावून फेकली, पालक मुळासकट उपटला आणि आमच्या दोरीवरचं लुगडं फाडून गेली. गावात आता कोणी घराजवळ भाजी लावत नाही, त्याचं खरं कारण विचाराल तर प्रत्येकजण हेच सांगेल. वावरात रानडुकरं आणि रोही, घरी माकडं. बियांच्या पाकिटावर ते लिहिलेलं नसतं.

फळांचं मी फार लिहीत नाही, कारण आमच्याकडे मोठ्या माणसानं फळ विकत आणून खाण्याची रीतच नव्हती. फळ चालता चालता खायचं असायचं. बोरं, जाम, कवठ, चिंच, जांभळं, टेंभरं, धुऱ्यावरचं सीताफळ, गावरान आंब्याच्या मोसमात पाडाचे आंबे. पिशवीतून फळ घेऊन घरी गेलं तर शेजारी विचारतात, कोण बिमार हाय? सफरचंद दवाखान्यातल्या माणसासाठी, केळी उपासासाठी. अमराई तुटली, बोरी तुटल्या, धुरे नांगरून नांगरून वीतभर राहिले, आणि फळ खायची सवय त्या झाडांसोबत गेली. दुकानात जाऊन ती परत मिळवायची, हे पन्नाशीच्या माणसाच्या डोक्यातच येत नाही.

आणि आम्ही तर संत्र्याच्या पट्ट्यात आहोत! आर्वी, आष्टी, कारंजा. पलीकडे वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आंबिया बहाराच्या दिवसांत आमच्या रस्त्यावरून संत्र्यांनी भरलेले ट्रक जातात. बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला दिलेला असतो. त्याची माणसं येऊन तोडतात, निवडतात, भरतात, आणि माल दिल्लीला, दक्षिणेला, बांगलादेशाच्या सीमेकडे निघून जातो. त्या देशानं आयात शुल्क वाढवलं की इथं भाव कोसळतो आणि फळ झाडाखाली सडतं. फळगळीच्या दिवसांत बगीच्यात आंबूस वास पसरतो आणि त्याच गावात रोजानं जाणाऱ्या बाईच्या घरी महिन्यात एक संत्रा येत नाही. मला हे पाहवत नाही. गावातून ट्रक जातो आणि गावाला किलोभर माल विकायला कोणी थांबत नाही, कारण किलोभर विकणं हा कोणाचा धंदाच नाही.

या सगळ्याचा अभ्यास जगात झालेला आहे. जवळ ताज्या मालाचं दुकान नसलेल्या वस्त्यांना परदेशात अन्नाचं वाळवंट म्हणतात. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये अशा एका वस्तीत मोठं सुपरमार्केट उघडलं आणि लोकांच्या खाण्यात काय बदललं ते तपासलं. २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. आता भाजीफळं जवळ मिळतात, हे लोकांना जाणवलं. पण भाजीफळं खाण्याचं प्रमाण वाढलं नाही. हे वाचून काहीजण म्हणतात, बघा, दुकानानं काही होत नाही, माणसाला खायचंच नसतं. मला तसं वाटत नाही. दुकान म्हणजे एक दार. त्या दाराशी बाई किती वाजता पोचते, हातात पैसे कधी असतात, उधार मिळतं का, आणलेलं टिकतं का, चावायला तोंड उघडतं का, हे सगळं दाराच्या बाहेरच राहतं. २०१६ मध्ये अठरा देशांतल्या भावांचा एक अभ्यास आला, त्यात भारतही होता. रोज माणशी दोन वाट्या फळं आणि तीन वाट्या भाज्या घ्यायच्या तर गरीब देशांत घराच्या उत्पन्नाचा सुमारे ५२ टक्के भाग त्यात जाईल, असा हिशेब निघाला. श्रीमंत देशांत दोन टक्क्यांहून कमी. शेजारच्या मामींना मी हा आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "मी कायले खाईन नाई? भेटन तं खाईन, परवडन तं खाईन."

भेटन आणि परवडन. मामींनी दोन शब्दांत सांगितलं.

कार्तिकात एक बदल झाला. वरच्या आळीतली एक बाई पूर्वी गुरुवारच्या बाजारात भाजी विकायला बसायची. पहाटेच्या गाडीनं तालुक्याला जाऊन हर्रासातून माल आणायचा आणि दिवसभर बसायचं. उरलेला माल घेऊन ती एकदा संध्याकाळी आमच्या बसस्टॉपच्या पाराजवळ बसली. मजुरांच्या गाड्या सहा-साडेसहाला तिथंच थांबतात. बायका उतरल्या, आणि अर्ध्या तासात तिची टोपली रिकामी झाली. मग ती आठवड्यातून तीनदा बसायला लागली. दहा-दहा रुपयांचे वाटे करते. अर्धा किलो कोणी मागत नाही, एका वेळेच्या भाजीपुरता वाटा घेतात. आणि ती उधार देते, गुरुवारच्या चुकाऱ्यापर्यंत. कारण ती गावचीच, कोण कधी फेडतं तिला ठाऊक आहे. वहीबिही काही नाही, सगळं तिच्या डोक्यात.

माझ्या कॅलेंडरवर मार्गशीर्षापासून बुधवार भरायला लागले. एका बुधवारी मुळ्याचा पाला, एका बुधवारी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा. मी शिक्षिका असून, शाळेसाठी रोज बाजाराच्या गावी जात असून, जे मला अठरा वर्षांत जमलं नाही ते तिच्या टोपलीनं दोन महिन्यांत केलं. मी येताना भाजी आणू शकत नव्हते का? आणू शकत होते. पण भाजीचा बाजार तिथं गुरुवारीच, आणि पाचला शाळा सुटली की शेवटची बस गाठायची असते. स्वतःच्या पावलांच्या वाटेवर जे नाही ते माणूस फार दिवस आणत नाही, हे मी स्वतःवरून शिकले.

चैत्र लागला तशी ती पुन्हा बसेना. पारावर संध्याकाळी सहालाही झळा लागतात, पाला तासाभरात मान टाकतो. तिला सावली हवी, शिंपडायला पाणी हवं आणि अंधार पडल्यावर एक दिवा. मी ग्रामसभेत उभी राहून ते मागितलं. टिनाचं पाच बाय आठचं शेड, एक नळ, एक लाइट. लोक ऐकून घेत होते. एका ज्येष्ठांनी विचारलं, एका बाईच्या धंद्यासाठी गावानं शेड कशाला बांधायचं? मी म्हटलं, दादा, आपण दोनशे घरांच्या जेवणासाठी मागतो आहे. ठराव लिहिला गेला आहे. शेड अजून झालेलं नाही. मी दर सभेला विचारते आणि विचारत राहीन.

आता पुन्हा श्रावण आहे. यंदा यजमानांनी विहिरीजवळची आठ ओळींची पट्टी फवारली नाही. माझ्या आग्रहावरून नव्हे. त्यांच्या आईनं मागून घेतली. त्यात ज्वारी टाकली आहे, मधून बरबटी आणि अंबाडी. डुकरांसाठी जुन्या लुगड्यांचं कुंपण बांधलं आहे, रंगीबेरंगी, लांबून जत्रेसारखं दिसतं. ज्वारीच्या बुडाशी कुंजरा आलाय, घोळ आलाय. कोणाला सांगितलं नव्हतं, पण रोज संध्याकाळी दोन-तीन बायका तिकडून वाट वाकडी करून येतात आणि त्यांचे ओटे पोटाशी फुगलेले असतात. दिरांसाठी कुंजऱ्याचं वरण मी डाळीत पूर्ण घोटून करते. ते त्यांना गिळता येतं.

महालक्ष्म्यांना तीन आठवडे आहेत. काल रात्री सासूबाई ओसरीत बसून बोटं मोजत होत्या. धोपा, अंबाडी, बरबटी, घोळ. चौथ्या बोटावर थांबल्या, चष्मा घातला आणि समोरच्या मामींकडे निघाल्या, यंदा कोहळं लावलं का ते विचारायला.